घरचे

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याचं खातं ओलांडून उजवीकडे वळलं की जंतूंची लॅब लागायची. तिथं ताई सव्वीस वर्षं काम करत होती. ती कुणाची ताई, असं विचारायची सोय नव्हती. सगळ्यांचीच ताई. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मॅडम, ज्यांच्या सहीशिवाय लॅबमधून एक रिपोर्ट बाहेर पडत नसे, त्याही तिला ताईच म्हणायच्या आणि तिनं पुढं केलेल्या कागदावर न वाचता सही ठोकायच्या. ताईनं बघितलंय ना, मग झालं.

आता जंतूंची नावं असतात लांबलचक, बोलताना जीभ अडखळावी अशी. कामाच्या घाईत ती कोण घेत बसणार? म्हणून ताईनं फार पूर्वी एक सुटसुटीत सोय करून ठेवली होती. माणसाच्या आतड्यात जन्मभर मुक्काम ठोकून असलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेले जे जंतू, ते 'घरचे'. बाहेरून येऊन माणसाला लोळवणारे ते 'पाहुणे'. जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर पाहुणे उगवले की धावपळ, फोनाफोनी, लाल शेरा. घरचे उगवले की प्लेटच्या पाठीवर काळ्या पेननं 'घरचे' एवढं लिहायचं आणि पुढची प्लेट उचलायची. कामावर नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी बजावायची, "घरच्यांचं कौतुक करत बसलात तर पाहुणे निसटतील." सगळे हसायचे. शब्द इतका रुळला होता की मोठ्या मॅडमनीही एकदा भर बैठकीत तो वापरला होता, आणि त्या दिवशी ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

तर एका सोमवारी सकाळी लॅबच्या दारात शिंपी येऊन उभा राहिला.

शिंपी म्हणजे पोटाचा सर्जन. त्याच्या टाक्यांवरून हे नाव पडलं होतं. मशीनवर मारल्यासारखी एकसारखी शिवण. वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या की ह्या माणसानं शिवलेला सदरा उलटा घालून मिरवावा. तोंडावर त्याला शिंपी कुणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. सर्जन लोक तळघरात उतरत नाहीत. त्यांचं सगळं फोनवर, तेही ओरडून. म्हणून तो स्वतः जिने उतरून आलेला बघताच ताईनं हातातली प्लेट खाली ठेवली.

"पाच मिनिटं आहेत का, ताई?"

"तुम्ही उतरून आलात म्हटल्यावर दहा आहेत. बसा."

तो बसला नाही. त्याचे डोळे खोल गेले होते. "पाच आठवड्यांत माझे तीन पेशंट पुन्हा उघडावे लागले. तिघांचंही आतडं कापून जोडलेलं. तिघांचाही जोड पाचव्या दिवशी सुटला. त्यातली एक गेली."

ताईला हे माहीत होतं. सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. कँटीनमध्ये लोक कप तोंडाला लावून पुटपुटत होते की शिंप्याचा हात गेला. पण हे त्याला कसं सांगणार? तिनं विचारलं, "टाके उसवले?"

"तेच तर." त्यानं आवाज खाली आणला. "टाके सगळे जागच्या जागी होते. गाठ न् गाठ शाबूत. ज्याला टाके घातले होते तेच शिल्लक नव्हतं. कागदाला शिवण मारावी आणि शिवण राहून कागदच विरघळून जावा, तसं. मी तीनदा बघितलंय. त्या तिघांच्या रक्तात आणि पोटातल्या पाण्यात तुम्हाला काय मिळालं होतं?"

ताईनं रजिस्टर काढलं. बघायची खरं तर गरज नव्हती. तिन्ही ठिकाणी तिच्याच अक्षरात एकच शब्द होता.

"घरचेच आहेत," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. तुमच्या पोटात आहेत, माझ्या पोटात आहेत."

"पोटात असू देत. रक्तात कसे आले?"

"जोड सुटला, म्हणून आले."

"की ते बाहेर निघाले, म्हणून जोड सुटला?"

सव्वीस वर्षांत तिच्या शब्दाला कुणी आडवं गेलं नव्हतं. तिला राग आला. आपली शिवण फसली की माणूस कापडाला नावं ठेवतो, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

तो मात्र समजावत राहिला. यांच्यातले काही फाडाफाडी करत नाहीत, म्हणाला. ते एन्झाइम सोडतात. अंगातून पाझरणारी कात्रीच म्हणा ना. आतड्याच्या अस्तरावर जो बुळबुळीत थर असतो तो आधी पातळ होतो. मग पेशी एकमेकींना ज्या धाग्यांनी धरून बसलेल्या असतात, ते धागे कापले जातात. पेशी तशाच असतात, फक्त एकमेकींचा हात सोडतात. मधल्या फटीतून हे पलीकडे सरकतात आणि खालची कोलॅजनची चिवट जाळी कापायला लागतात. "माझे टाके कोलॅजनलाच धरून असतात, ताई. आणि जिलेटिन म्हणजे शेवटी शिजवलेलं कोलॅजनच. ती जुनी जिलेटिनची चाचणी करता येईल का?"

"बारा वर्षांत कुणी मागितली नाही."

"मी मागतोय. पुढच्या सोमवारी तुमच्या भावाला घेणार आहे मी. त्याच वॉर्डात. त्याच्या आत कळलं तर बरं."

ताईनं रजिस्टर मिटलं. "आणि निघालंच काही, तर?"

"तर पुढं ढकलू. वॉर्ड रिकामा करून धुऊन काढू, औषधं बदलू. महिना गेला तरी चालेल, पण असं डोळे मिटून नाही करायचं."

महिना. त्याला काय ठाऊक महिना म्हणजे काय ते!

ताईचा भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. वजन पंच्याण्णव किलो, वय पन्नाशीला टेकलेलं, आणि घरातलं नाव छोट्या. घरात म्हणजे दोघंच. लग्न त्यानं केलं नाही, तिचं टिकलं नाही. आईवडील गेल्यावर दोघं दोन खोल्यांत राहत होते आणि खाली रस्त्यावर छोट्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. गल्लीतलं कुठलंही कुलूप तो डोळे मिटून उघडायचा, पण दवाखान्याचं दार बघून त्याची पाचावर धारण बसायची. मोठ्या आतड्यातली गाठ सापडून चार महिने झाले होते. अजून पसरली नाही, आत्ता काढली तर माणूस वाचतो, असं शिंप्यानं स्वतः सांगितलं होतं. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा हा पळाला. दुसऱ्या वेळी तर हातात पिशवी घेऊन हॉस्पिटलच्या फाटकातून परत फिरला. ताईनं रागावून, रडून, अबोला धरून, शेवटी त्याच्या दुकानाच्या पायरीवर दोन तास बसून त्याला वळवलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "येतो. पण ह्या वेळी नाही झालं तर पुन्हा मला विचारू नकोस, ताई. मी यायचा नाही." आणि तो शब्दाचा पक्का होता, नको तिथं तर फारच.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं सहज बोलल्यासारखं करून शिंप्याचं म्हणणं त्याच्या कानावर घातलं. ऑपरेशनचं नाही काढलं. जंतूंचं तेवढं सांगितलं.

छोट्या घास चावत म्हणाला, "पटतंय की. सराईत चोर कुलपाला हात लावत नाही. बिजागरीचे स्क्रू काढतो, दार बाजूला करतो. सकाळी कुलूप तसंच लटकत असतं आणि जाणारायेणाऱ्याला वाटतं, घर बंद आहे."

"जेव गपचूप," ताई म्हणाली.

चाचणी तशी साधी. जिलेटिनची भुकटी पाण्यात उकळून काचेच्या नळ्यांत भरायची, ती घट्ट झाली की सुईनं त्यात जंतू टोचायचे आणि माणसाच्या अंगाइतक्या उबेत दोन-तीन दिवस ठेवायचं. उबेत जिलेटिन पातळ होतंच, म्हणून नंतर नळ्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायच्या. पुन्हा घट्ट झालं तर जंतूंकडे कात्री नाही. नळी तिरकी केल्यावर पाण्यासारखं वाहिलं तर आहे. आणि शेजारी नेहमी एक कोरी नळी ठेवायची, जिच्यात जंतूच नाहीत. ती घट्ट झाली तरच बाकीच्यांचं खरं मानायचं. "कोरी नळी लावल्याशिवाय माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही," हे ताईचंच वाक्य होतं. ऐकून ऐकून लॅबमधल्या लोकांचे कान किटले होते.

ऑपरेशन थिएटरमधून आलेले जंतू लॅबमध्ये काही महिने जपून ठेवत. मंगळवारी ताईनं ते तिन्ही काढले. कपाटातली जिलेटिनची बाटली जवळजवळ रिकामी निघाली. तीन नळ्यांपुरती भुकटी सहज मिळाली. चौथीपुरती तळ खरवडला असता तर निघाली असती. तिनं खरवडला नाही. डॉक्टरचं मन राखायला करतोय आपण, त्यात एवढं काय, असं ती स्वतःशी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिनं नळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या. हा फ्रीज म्हणजे लॅबमधला सगळ्यात रडका गडी. दाराला गुडघा टेकवून ढकलल्याशिवाय ते लागायचं नाही, आणि फ्रीजवाल्याला तीन निरोप जाऊनही त्याचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासानं तिनं नळ्या काढल्या, एकेक तिरकी केली. तिन्ही वाहिल्या.

मग तिनं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवल्या, आणखी अर्धा तास. पुन्हा वाहिल्या. नळीच्या काचेला थंडी होती, बोटांना जाणवत होती. तरी तिनं फ्रीजच्या दाराकडे बघितलं, त्या अर्ध्या बोटाच्या फटीकडे बघितलं, आणि तिच्या जिवात जीव आला. फ्रीज! दुसरं काय असणार?

"फ्रीज बिघडलाय आमचा," तिनं शिंप्याला फोनवर सांगितलं. "जिलेटिन धरतच नाहीये. भुकटीही जुनी आहे. ह्यावरून काही सांगता येणार नाही."

"म्हणजे काही निघालं नाही?"

"काही म्हणता येत नाही, असं म्हणतेय मी."

पलीकडून तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल. मग सोमवार ठेवू ना?"

ताईच्या डोळ्यांपुढं हातात पिशवी घेऊन फाटकातून परत फिरणारा छोट्या आला. "ठेवा," ती म्हणाली.

शनिवारी छोट्या दाखल झाला, आणि ह्या वेळी पळाला नाही. आतडं साफ करायच्या गोळ्या, जंतू मारायची औषधं, सगळं निमूटपणे घेतलं. वॉर्डातल्या कपाटाचं अडकलेलं कुलूप त्यानं केसाच्या पिनेनं उघडून दिलं आणि सिस्टर लोकांचा लाडका झाला. सोमवारी सकाळी त्याला आत नेलं तेव्हा ताई वर थांबली नाही. थांबून हातपाय गाळून बसण्यापेक्षा काम बरं म्हणून ती खाली आली आणि ढिगातली पहिली प्लेट उचलली. ती नेमकी छोट्याचीच निघाली. दाखल झालेल्या प्रत्येकाचा मलाचा नमुना दुसऱ्या दिवशी खाली यायचा, कुणी पाहुणे घेऊन आलंय का ते बघायला.

प्लेटवर पाहुणे नव्हते. बारीक राखाडी ठिपके होते, घरचे. नेहमी त्यांच्याबरोबर आणखी पाच-सात जातींची गर्दी असते, इथं मात्र एकट्या त्यांचंच पीक आलं होतं, काठापासून काठापर्यंत. ताईच्या ते लक्षात आलं. नाही असं नाही. पण वर भावाचं पोट उघडलेलं होतं आणि तिला चांगली बातमी हवी होती. तिनं पेन उघडलं, 'घरचे' लिहिलं, आणि आपल्याशीच हसली. माझ्याच घरचे की!

ऑपरेशन उत्तम झालं. शिंप्यानं स्वतः फोन करून सांगितलं, गाठ पूर्ण निघाली, जोड सुरेख बसलाय. मंगळवारी छोट्या उठून बसला. बुधवारी चार पावलं चालला. गुरुवारी त्याला सूप दिलं आणि त्यानं त्याला नावं ठेवली, म्हणजे तब्येत सुधारत होती. ताई त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपली.

शुक्रवारी सकाळी फ्रीजवाला उगवला.

बोलका माणूस. आल्या आल्या त्यानं फ्रीजच्या पाठीवर थाप मारली, आत तापमापक ठेवला, दार गुडघ्यानं लावलं आणि वीस मिनिटं स्वतःच्या पाठदुखीवर बोलला. मग तापमापक काढून उजेडात धरला.

"चार," तो म्हणाला. पुढच्या फळीवर ठेवून पुन्हा बघितलं. "इथंही चार. कुणी सांगितलं हा बिघडलाय?"

"दार लागत नाही त्याचं."

"दाराचं रबर गेलंय, बाई. थंडीला काय धाड भरलीय? ह्यातलं पाणी प्याल तर दात वाजतील. तुमचा फ्रीज ठणठणीत आहे."

"मागच्या शुक्रवारी बिघडला असेल."

"असं मधेच बिघडून आपलं आपण बरं व्हायला तो काय माणूस आहे?" तो हसला. आपल्या विनोदावर बाई का हसल्या नाहीत, हे त्याला कळलं नाही.

तो गेल्यावर ताई स्टुलावर बसली. फ्रीज ठणठणीत. नळ्या थंड होत्या, तिच्या बोटांना कळलं होतं. तरी वाहिल्या. आणि सोमवारची ती प्लेट, काठोकाठ एकाच पिकाची. ऑपरेशनच्या आधी जी औषधं देतात ती ह्या जातीला मुळी लागूच पडत नाहीत, हे लॅबमधलं कुणीही झोपेत सांगेल. औषधांनी शेजारपाजार सगळा मारला होता आणि अख्खं घर यांच्या ताब्यात दिलं होतं. हे सगळं तिला सोमवारीही माहीत होतं. नवीन काहीच कळलं नव्हतं. ह्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

जिलेटिनची भुकटी संपली होती, आणि दोन-तीन दिवस थांबायला वेळही नव्हता. आज चौथा दिवस. पण तिला एक त्याहून जुनी युक्ती ठाऊक होती. एक्स-रेच्या फिल्मवर जिलेटिनचाच थर असतो, चित्र त्या थरातच असतं. फिल्मची पट्टी जंतूंच्या दाट पाण्यात बुडवायची. कात्री असेल तर दोन-तीन तासांत थर सुटतो आणि खाली निळं प्लास्टिक उघडं पडतं. आता हॉस्पिटलमध्ये फिल्म राहिली नव्हती, सगळं पडद्यावर. तिच्या खणात मात्र एक होती. नऊ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी शटरला कुलूप बसवताना छोट्या स्टुलावरून पडला होता, तेव्हाची, त्याच्या उजव्या पंजाची. प्लेट उजेडात बघताना मागं धरायला बरी पडते म्हणून तिनं ती ठेवून दिली होती.

तिनं कात्रीनं पाच पट्ट्या कापल्या, प्रत्येकीत एकेक बोट. अंगठा कोऱ्या पाण्यात. ह्या वेळी ती आधी लावली. पुढची तीन बोटं त्या तीन पेशंटच्या जंतूंत. करंगळी सोमवारच्या प्लेटमधल्यांत. पाचही नळ्या उबेच्या पेटीत ठेवून तिनं हात धुतले आणि जिने चढून वॉर्डात गेली.

छोट्या उशीला टेकून बसला होता. गाल लाल दिसत होते.

"आलीस? तुझा शिंपी सकाळपासून तीनदा येऊन गेला. माझ्याकडे असा बघतो, जसं काही माप चुकलंय."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

"थोडी कणकण आहे," तो म्हणाला. "आणि पोटाचा ढोल झालाय. सिस्टर म्हणतात वारा धरलाय. होतं म्हणे असं."

"दुखतंय?"

"खांद्यात दुखतंय. गंमत बघ, कापलं पोट आणि दुखतोय खांदा." पोटात गळती झाली की कळ खांद्यात उठते, हे ताईला ठाऊक होतं. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. "काय गं?"

"काही नाही."

"तू 'काही नाही' म्हणालीस की मला लहानपणापासून पळावंसं वाटतं." तो हसायला गेला आणि मधेच थांबला, पोटावर हात ठेवून. "ह्या वेळी नाही पळालो बघ. तुझ्यासाठी."

ताईनं त्याची चादर सारखी केली. चादर सारखीच होती.

खाली येऊन तिनं पेटी उघडली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. कोऱ्या पाण्यातली पट्टी जशीच्या तशी, अंगठ्याची दोन्ही हाडं पांढरीशुभ्र. पुढच्या तिन्ही पट्ट्या निळ्या, आरपार, जशी काही त्यांच्यावर कधी कुणाची बोटं नव्हतीच. पाचवी नळी तिनं उजेडात धरली. करंगळी अजून होती. वरचं पेर, मधलं पेर, दिसत होतं. तिचा श्वास मोकळा झाला. मग तिनं नळी किंचित हलवली, आणि करंगळी पट्टीवरून घसरली. अख्खीच्या अख्खी सुटली, पाण्यात क्षणभर तरंगली, आणि करडा गाळ होऊन तळाला बसली.

तिनं फोन उचलला. शिंप्यानं पहिल्याच घंटेला घेतला.

"चारही पट्ट्यांवरचं जिलेटिन सुटलं," ती म्हणाली. "कोरी लावलीय. कोरी शाबूत आहे."

"चार? माझे पेशंट तर तीनच होते."

"चौथी माझ्या भावाची." आणि थांबली असती तर पुढचं कधीच बोलता आलं नसतं, म्हणून तिनं एका दमात सांगून टाकलं. "नळ्या मागच्या शुक्रवारीच वाहिल्या होत्या. मी फ्रीजवर ढकललं. कोरी नळी लावली नव्हती मी. फ्रीज चांगला होता. त्याला ताप आहे, पोट फुगलंय, खांदा दुखतोय."

शिंपी ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "ते सगळं नंतर, ताई. ह्यांना लागू पडणारं औषध कुठलं, ते सांगा." तिनं सांगितलं. त्यानं फोन ठेवला.

दोन वाजता औषध बदललं. अडीचला छोट्याला स्कॅनला नेलं. तीनला थिएटरचं दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. ताई समोरच्या बाकावर बसली, अंगात लॅबचा कोट तसाच, खिशात काळं पेन तसंच. मधे तळघरातून निरोप आला, मशीननं हाक दिलीय, सकाळी घेतलेल्या तिच्या भावाच्या रक्ताच्या बाटलीत काहीतरी वाढतंय, ती येऊन बघेल का? तिनं मान हलवून नाही म्हटलं. बघायचं काय होतं? काचेखाली ते कसे दिसतील ते तिला डोळे मिटूनही दिसत होतं, गोल गोल, जोडीजोडीनं, आज्ञाधारक मुलं ओळीत उभी राहावीत तसे. लाखो वेळा बघितले होते. लाखो वेळा बाजूला ठेवले होते.

पावणेपाचला दार उघडलं. शिंपी बाहेर आला. त्यानं तोंडावरचा मास्क खाली ओढला, बाकासमोर येऊन उभा राहिला, पण तिच्याकडे बघेना. स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "टाके सगळे जागच्या जागी होते."

कॉरिडॉरमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिचं एक चाक करकरत होतं.

"पोट धुतलंय. जोड काढून टाकलाय," तो पुढं म्हणाला. "पण विष रक्तात फार पसरलंय. श्वास मशीनवर आहे. मी खोटी आशा दाखवणार नाही तुम्हाला."

तो आत गेला. थोड्या वेळानं दारातून सिस्टर डोकावली. ह्या मजल्यावरची, तळघरातल्या माणसांना न ओळखणारी. हातात कागद लावलेली पाटी होती.

"पेशंटच्या घरचे कोण आहेत?"

ताई उठली. "मी," ती म्हणाली. "मीच."

"बाकी कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. आणि इथं सही करा. इथं नाव, इथं नातं."

ताईनं खिशातलं पेन काढलं. नाव लिहिलं, सही केली. पुढच्या रकान्यात तिच्या हातानं आपला आपण एक शब्द लिहिला, रोज लिहायचा तसा, न बघता, ठसठशीत काळ्या अक्षरात. सिस्टरनं पाटी आपल्याकडे वळवून वाचलं.

"घरचे काय? नातं लिहा ना. आई, बहीण, जे असेल ते."

"चुकलं," ताई म्हणाली, आणि पेन पुन्हा टेकवलं. काचेवरून सहज पुसली जाणारी ती शाई कागदात पार मुरली होती. ती रेघोट्या ओढत राहिली, एकीवर एक. सिस्टर एकदा आतल्या दाराकडे बघत होती, एकदा तिच्याकडे. रकाना सगळा काळा झाला तरी खालचा शब्द वाचता येत होता.